मोठ्या भूकंपानंतरचे धक्के: त्यांतून काय कळतं आणि काय कळत नाही

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: "मोठा भूकंप झाला की आठवडेच्या आठवडे धक्के येत राहतात. जमिनीतली ताकद अशी थोडीथोडी मोकळी होते, म्हणजे ते चांगलंच, असं सगळे म्हणतात. हे खरं का? एखादा धक्का आफ्टरशॉक आहे की पुढच्या मोठ्या भूकंपाची चाहूल आहे, हे तुम्ही ओळखता कसं? आणि मुंबईत असं काही झालं तर किती दिवस घराबाहेर झोपायचं?"

आधी थोडक्यात सांगते. ताकद मोकळी होण्याची गोष्ट खरी नाही. धक्का आफ्टरशॉक आहे की चाहूल, हे तो येतो त्या घटकेला कोणालाही ओळखता येत नाही. आणि बाहेर किती दिवस राहायचं हे तुमच्या इमारतीचे खांब पाहून ठरवावं लागतं. आता सविस्तर, कारण माझ्या कामाची बरीच वर्षं या नंतरच्या धक्क्यांचे आलेख वाचण्यात गेली आहेत आणि आमच्या विषयात पुढचं काही आकड्यांत सांगता येत असेल, तर ते इथंच.

ताकदीचा हिशेब सोपा आहे. भूकंपाचं परिमाण १ ने वाढलं की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ७ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा छोट्या धक्क्यांनी काढायची तर ६ चे ३२ धक्के हवेत, किंवा ५ चे हजार, किंवा ४ चे बत्तीस हजार. निसर्गात धक्क्यांची वाटणी अशी नसते. गुटेनबर्ग आणि रिश्टर या भूकंपशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये दाखवलं की परिमाणाची एक पायरी खाली उतरलं की धक्क्यांची संख्या साधारण दहापट होते. संख्या दहापट, पण प्रत्येकाची ऊर्जा बत्तिसावा हिस्सा. त्यामुळे खालची प्रत्येक पायरी वरच्या पायरीच्या जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा काढते. मोठ्याचं काम छोटे मिळून कधीच करू शकत नाहीत. "बरं झालं, छोटे धक्के आले" हे वाक्य मी गावोगाव ऐकलं आहे. धीर द्यायला लोक ते बोलतात, पण त्याच्या भरवशावर कोणी तडकलेल्या घरात परतू नये.

मग हे धक्के येतात कशामुळे? मस्जिद बंदरच्या गोदामात धान्याच्या पोत्यांची थप्पी असते. मधलं एक पोतं सरकलं की त्याचा भार शेजारच्या पोत्यांवर जातो. त्यातली काही लगेच दबतात, काही तासाभरानं, काही दुसऱ्या दिवशी. मोठ्या भूकंपात भ्रंशाचा, म्हणजे खडकातल्या जुन्या भेगेचा, एक मोठा पट्टा काही सेकंदांत सरकतो. तिथला ताण उतरतो, पण पट्ट्याच्या टोकांशी आणि आजूबाजूच्या छोट्या भेगांवर तो वाढतो. ज्या भेगा आधीच सरकण्याच्या बेतात होत्या त्या आधी सरकतात, बाकीच्या मागाहून.

हे मागाहून येणं किती शिस्तीत होतं, ते फुसाकिची ओमोरी या तरुण जपानी शास्त्रज्ञानं दाखवलं. २८ ऑक्टोबर १८९१ ला जपानच्या नोबी भागात फार मोठा भूकंप झाला. ओमोरीनं त्यानंतरचे धक्के मोजले आणि १८९४ मध्ये नियम मांडला: दिवस जितके पट उलटतील तितके पट धक्के कमी होतात. पहिल्या दिवशी शंभर आले तर दहाव्या दिवशी दहा, शंभराव्या दिवशी एक. पुढे उत्सू या जपानी शास्त्रज्ञांनी त्यात सुधारणा केली. नोबीच्या आफ्टरशॉकचा माग शंभर वर्षं त्याच वक्रावर लागतो, असं जपानी नोंदी सांगतात.

या नियमात दोन गोष्टी दडलेल्या आहेत आणि सामान्य माणसाला त्याच उपयोगाच्या आहेत. एक म्हणजे, पहिल्या ते दहाव्या दिवसात जितके धक्के येतात, साधारण तितकेच पुढे दहाव्या ते शंभराव्या दिवसात येतात. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी "संपलं एकदाचं" म्हणावं आणि पुन्हा घर हलावं, यात नवल काही नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कमी होते ती संख्या. आकार कमी होत जाईल, असं हा नियम सांगत नाही. विसाव्या दिवशी मोठा धक्का येण्याची शक्यता पहिल्या दिवसापेक्षा खूप कमी असते, पण आलाच तर तो लहानच असेल असं नाही. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला ७.८ चा भूकंप झाला. सतरा दिवसांनी, १२ मे ला, ७.३ चा धक्का आला आणि आणखी दोनशेहून अधिक माणसं गेली. सर्वांत मोठा आफ्टरशॉक मुख्य भूकंपापेक्षा सरासरी १.२ ने लहान असतो असा एक नियम आहे, बोथ यांच्या नावाचा. नेपाळमध्ये फरक निम्म्याहून कमी पडला. याउलट २००१ च्या कच्छच्या ७.७ नंतरचा सर्वांत मोठा धक्का सहाच्याही आत राहिला. सरासरी खरी असते, पण आपल्या वाट्याला सरासरीच येईल याची हमी नसते.

आता अभ्यास प्रत्यक्षात कसा होतो ते सांगते. मुख्य भूकंपाच्या लहरी जगभरची केंद्रं टिपतात. तुर्भे ते टोकियो, कुठल्याही यंत्रावरून परिमाण आणि साधारण जागा काही मिनिटांत कळते. पण भ्रंश जमिनीखाली नेमका कुठं, कुठल्या दिशेला कललेला आणि किती खोलवर तुटला, हे दूरच्या यंत्रांवरून धूसरच दिसतं. तिथं आफ्टरशॉक कामाला येतात. प्रत्येक आफ्टरशॉक त्या तुटलेल्या पट्ट्यावरचा किंवा त्याच्या कडेचा एक ठिपका असतो. असे हजारो ठिपके त्रिमितीत मांडले की भ्रंशाची आकृती आपोआप उभी राहते.

ठिपका अचूक बसवायचा तर यंत्रं जवळ हवीत. भूकंपाच्या दोन लहरी आम्ही पाहतो. पी लहर आधी पोचते, एस मागून. दोघींमधल्या अंतराचा प्रत्येक सेकंद म्हणजे साधारण आठ किलोमीटर. तीन-चार ठिकाणांहून हे अंतर मिळालं की जागा सापडते. खोली मात्र हट्टी असते. धक्का दहा किलोमीटर खोलीवर असेल तर निदान एक यंत्र त्याच्या डोक्यावर, साधारण तितक्याच अंतरात असावं लागतं, नाहीतर खोलीचा आकडा कागदावर सुबक दिसतो आणि पाच-दहा किलोमीटरनं चुकलेला असतो. म्हणून मोठा भूकंप झाला की आमची माणसं गाडीत फिरती भूकंपमापकं, बॅटऱ्या, सौर पॅनेल आणि वेळेसाठी जीपीएस अँटेना घालून निघतात. खडक उघडा आहे अशी जागा शोधायची, रस्त्यापासून, पंपापासून आणि मोठ्या झाडांपासून लांब. झाड वाऱ्यानं हललं की मुळं जमीन हलवतात आणि यंत्र ते इमानेइतबारे नोंदवतं. गावकऱ्यांशी बोलून यंत्राची राखण करायची सोय करायची. हे काम जिथं सगळं गमावलेली माणसं आजूबाजूला बसलेली असतात तिथं करायचं असतं. त्यांना पाणी आणि तंबू हवा असतो आणि आपण खड्डा खणून डबा पुरत असतो. हा संकोच कधी गेला नाही आणि जाऊही नये.

पण घाईला कारण आहे. ओमोरीचा वक्र आठवा. सर्वांत जास्त माहिती पहिल्या दिवसांतच मिळते. २६ जानेवारी २००१ ला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छ हादरलं, आणि परदेशी व भारतीय गटांची दाट जाळी उभी राहायला दोन आठवडे गेले. तरीही जे हाती आलं ते मोलाचं होतं. जमिनीवर भ्रंशाची मुख्य भेग कुठंच उमटली नव्हती. लोकांना वाटत होतं तो कच्छचा जुना, नकाशावरचा भ्रंश असेल. आफ्टरशॉकचे ठिपके मांडल्यावर दिसलं की तुटलेला पट्टा दक्षिणेकडे सुमारे पन्नास अंशांनी उतरतो, वरच्या काही किलोमीटरपर्यंत तो पोचलेलाच नाही, आणि खाली तीसहून अधिक किलोमीटर खोल जातो. हा भ्रंश आधी कोणाच्या यादीत नव्हता. पुढे त्याला नॉर्थ वागड भ्रंश म्हणू लागले. ७.७ च्या भूकंपाला शंभरेक किलोमीटर लांबीचा पट्टा लागावा, इथं तो साधारण चाळीस बाय चाळीस किलोमीटरच्या चौकोनात मावला होता. लहान जागेत प्रचंड ताण साठला होता, हे त्यावरून कळलं. आफ्टरशॉक टिपले नसते तर हे आजही तर्कावरच राहिलं असतं.

पहिल्या तासांचा आणखी एक पेच आहे. त्या वेळी धक्के इतके लागून येतात की एकाची शेपटी संपायच्या आत दुसरा सुरू होतो. छोटे धक्के मोठ्यांच्या लहरींखाली बुडून जातात आणि यादी अपुरी राहते. अपुऱ्या यादीवरून हिशेब मांडला तर धक्के प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा हळू कमी होताहेत असा भास होतो. आता संगणकाला आलेख वाचायला शिकवून हे बुडालेले धक्के वर काढता येतात, पण त्यालाही जवळच्या यंत्राची नोंद लागतेच. नसलेल्या नोंदीतून काही काढता येत नाही.

आता दुसरा प्रश्न: आफ्टरशॉक की चाहूल? याचं उत्तर महाराष्ट्राच्या मातीतच तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं आहे.

किल्लारी परिसरात ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ मध्ये धक्के बसत होते. १८ ऑक्टोबरचा धक्का चारच्या आसपासचा होता. लोक घाबरले, मग धक्के थांबले. जवळजवळ वर्षानं, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते त्या रात्रीच्या शेवटी, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ चा भूकंप झाला आणि दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. तो भाग तोवर देशाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नंतर तिथं घेतलेल्या विंधनछिद्रात बेसाल्टचा, म्हणजे वरच्या काळ्या कातळाचा, थर ३३८ मीटरच निघाला. त्याखालच्या जुन्या खडकातला भ्रंश वरून दिसण्यासारखा नव्हता. नंतरच्या धक्क्यांनीच तो दाखवला, आणि तो उथळ होता हेही. म्हणूनच एवढ्या परिमाणाला एवढी हानी झाली.

दुसरं उदाहरण आपल्या दारातलं, डहाणू-तलासरीचं. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास धक्के सुरू झाले. हजारो नोंदले गेले, त्यातले मोठे चारच्या आसपासचे. इथं मुख्य धक्का असा नाहीच, सगळा थवाच आहे. घरांना तडे गेले, आश्रमशाळेची मुलं आणि पाड्यांवरची कुटुंबं थंडीत तंबूंत झोपली. सुरुवात किल्लारीसारखीच होती. पुढं मात्र किल्लारीसारखं काही घडलेलं नाही. १९९२ चे आलेख आणि २०१८ चे आलेख शेजारी ठेवले तर "हा पुढं मोठा होणार, हा नाही होणार" असं सांगणारी एकही खूण त्यात सापडत नाही. नसलेली खूण सापडल्याचा आव आम्ही आणू शकत नाही.

तिसरं कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला, मुंबईतही लोक जागे झाले. त्याआधी सप्टेंबरात पाचच्या वरचा धक्का येऊन गेला होता. कोयनेचं वेगळेपण असं की तिथले धक्के ओमोरीच्या वक्रानं विझले नाहीत. १९७३, १९८०, १९९३-९४, २०००, २००५, असे पाचच्या घरातले धक्के येतच राहिले. त्यांचा चढउतार शिवाजीसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पातळीशी जुळतो. १९८५ मध्ये दक्षिणेच्या वारणा धरणात पाणी साठू लागलं, पुढं धक्के दक्षिणेकडेही सरकले. हे सगळं वीस बाय तीस किलोमीटरच्या टापूत. जगात इतका आटोपशीर आणि इतका दीर्घ प्रयोग निसर्गानं दुसरीकडे क्वचितच मांडला असेल. म्हणून कराडला खास प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे इथं तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर खालचा ग्रॅनाइट लागला. आफ्टरशॉक कुठले आणि पाण्यानं जागे झालेले नवे धक्के कुठले, हे इथं दशकानुदशकांच्या अखंड नोंदीमुळेच वेगळं काढता येतं. माझ्या मते महाराष्ट्रानं भूकंपशास्त्राला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणि ती शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकली जाते याचं मला वाईट वाटतं.

ओळखता येत नाही, तर मग सांगता काय येतं? शक्यता. कॅलिफोर्नियाच्या दीर्घ नोंदींवरून दिसतं की शंभर भूकंपांमागे सुमारे पाचांनंतर आठवड्याभरात त्याच भागात त्याहून मोठा येतो. जपानच्या कुमामोतोत १४ एप्रिल २०१६ ला ६.२ चा भूकंप झाला, लोकांनी तोच मुख्य मानला, आणि अठ्ठावीस तासांनी ७.० चा आला. ते त्या पाचांतलं उदाहरण. १९८९ मध्ये रीझनबर्ग आणि जोन्स यांनी ओमोरीचा वक्र आणि गुटेनबर्ग-रिश्टरची पायरी जोडून एक पद्धत दिली. तिच्या आधारानं "पुढच्या सात दिवसांत, या टापूत, पाचच्या वरचा धक्का येण्याची शक्यता इतके टक्के" असं सांगता येतं, आणि नवे धक्के मोजले जातील तसा आकडा रोज सुधारता येतो. खऱ्या अंदाजात कालावधी, टापू, परिमाण आणि टक्के हे चारही असतात. "आज रात्री दोन वाजता मोठा धक्का, सगळ्यांना कळवा" या संदेशात यातलं काही नसतं. तो कोणाच्याही नावानं आला तरी पुढं पाठवू नका. झालेल्या धक्क्यांची नोंद दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर पाहावी.

आता मुंबई. भूकंपरोधक बांधकामाचं जे भारतीय मानक आहे (त्याचा क्रमांक १८९३), त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत हे शहर झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. कोयना सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर, तलासरी सव्वाशेच्या आसपास, कच्छचं केंद्र साडेपाचशे. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या संथ, लांब लहरी उंच इमारतींना जास्त झुलवतात, म्हणून २००१ मध्ये उंच मजल्यांवरच्या मुंबईकरांना जे जाणवलं ते रस्त्यावरच्यांना तितकं जाणवलं नाही. अशा वेळी आफ्टरशॉक बहुधा इथवर जाणवत नाहीत. त्यांची काळजी केंद्राजवळच्यांना असते. पण खाडीच्या गाळावर आणि भराव घातलेल्या जमिनीवर उभा असलेला शहराचा भाग मोठा आहे, आणि अशी जमीन हादरे वाढवते.

खरा धडा अहमदाबादचा आहे. २००१ मध्ये ते कच्छच्या केंद्रापासून सव्वादोनशेहून अधिक किलोमीटर दूर होतं, तरी तिथं बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या बऱ्याच इमारतींत तळाला फक्त कॉलम आणि गाड्या होत्या, वर भिंतींनी भरलेले मजले. तळमजला मऊ, वरचा भाग ताठ. सगळी हालचाल तळाच्या कॉलमवर येते. मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवलीत अशा स्टिल्टवरच्या इमारती गल्लोगल्ली आहेत.

म्हणून ताईंच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. जवळचा जोराचा भूकंप झाला आणि इमारतीला इजा दिसत असेल, तर तपासणी होईपर्यंत बाहेर राहायचं, मग ते दोन दिवस असोत की दोन महिने. मोठ्या धक्क्यात अर्धवट मोडलेली इमारत त्याहून बऱ्याच लहान धक्क्यात पडू शकते. आत राहिलेली कागदपत्रं, दागिने काढायला "पाच मिनिटं" वर जाऊ नका. प्लॅस्टरच्या बारीक, केसासारख्या भेगा आणि भिंत-बीमच्या सांध्यातल्या सरळ रेषा बहुधा वरवरच्या असतात. कॉलममधली तिरकी किंवा फुलीसारखी भेग, काँक्रीट उडून उघड्या पडलेल्या आणि वाकलेल्या सळया, दरवाजे अचानक अडकणं, मजला कललेला वाटणं, यातलं काहीही दिसलं तर आत पाऊल नको. इजा काहीच नसेल तरी पहिले काही दिवस, जेव्हा धक्के सर्वांत दाट असतात, तेव्हा झोपण्याच्या जागेवर कपाट किंवा माळ्यावरचं सामान पडणार नाही एवढं पाहा आणि दाराशी चपला, टॉर्च, औषधं ठेवा. काही इजा नसताना महिनाभर मैदानात राहण्याची गरज नाही. म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना उघड्यावरची थंडी-पाऊसही बाधतो.

आणि भूकंपाची वाट न पाहता एक काम आजच करता येईल. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. बहुतेक सोसायट्यांत तो अहवाल गळती आणि प्लॅस्टरच्या खर्चापुरता वाचला जातो. पुढच्या सभेत इंजिनिअरना बोलवा आणि तीन प्रश्न विचारा: स्टिल्टच्या कॉलमना भूकंपाचा आडवा जोर धरून आकार दिला आहे का, कॉलममधल्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा भारतीय मानक क्रमांक १३९२० प्रमाणे जवळजवळ बांधून त्यांची टोकं आत वळवलेली आहेत का, आणि तळाला जास्तीच्या भिंती किंवा तिरके आधार देता येतील का. उत्तर लेखी मागा. ते समाधानकारक नसेल तर डोंबिवलीतल्या स्टिल्टवरच्या इमारतीचं मजबुतीकरण रंगकामाच्या आधी धरा, ऑडिटला अजून वर्षं उरली असली तरी.